गाईला टेकून शिकलेलं बोलणं

डेअरीचा टँकरवाला त्या सकाळी फाटकातच सांगून गेला, पहिला बर्फ पडला की लहान गोठ्यांचं दूध उचलणं बंद. अर्विडमामा "बरं" म्हणाला. टँकर वळला, धूळ खाली बसली, मामा गोठ्यात आला, हेझल गाईच्या कुशीला गाल टेकून उकिडवा बसला आणि तिची कास पुसता पुसता मला म्हणाला, "पोरी, हिवाळा हाताने कसा म्हणतात?"

मी शेण ओढत होते. थांबले. मला वाटलं, धक्का बसलाय.

"दोन्ही मुठी छातीपुढे धरायच्या आणि कुडकुडल्यासारख्या हलवायच्या." मी फावडं भिंतीला टेकवून दाखवलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

मामाचा एक हात हेझलच्या सडांशी गुंतलेला होता. उरलेल्या हाताची मूठ करून त्याने हलवली. एका मुठीचा हिवाळा हिवाळा राहत नाही, त्याची धमकी होते. हेझल एक पाऊल मागे सरली.

"पण हिवाळा कशाला पाहिजे तुला? नाटकात तर नाहीये."

"असाच."

मामाने असंच काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं. हा माणूस थंडी आहे एवढं म्हणायच्या आधीसुद्धा एकदा बाहेर जाऊन खात्री करून यायचा.

आमच्या टॅमरॅक गावात पूर्वी बहिऱ्या मुलांची शाळा होती. शाळा गेली, माणसं राहिली. त्यातला थर्लो शाळेत सुतारकाम शिकवायचा. जन्माचा बहिरा आणि जन्माचा फटकळ. त्याने आपल्या गवताच्या कोठारात नाटक सुरू केलं. दरवर्षी मका कापून झाला की एक. बहिरे हातांनी बोलायचे आणि आम्ही ऐकणारे कडेला उभं राहून त्यांचा आवाज व्हायचो. खेळ भर दुपारी, आणि कितीही रंगला तरी संध्याकाळच्या धारांच्या आत संपवायचा. थर्लोने एका वर्षी सावकाश मरणारा राजपुत्र लिहिला होता. गाईंसाठी त्याला घाईने मारावं लागलं.

मामा ऐकणाऱ्यांतला. पण त्याचा आवाज गाईंना हाक मारण्यापुरताच. कोठाराचं छप्पर दुरुस्त करायला गेला तेव्हा थर्लोने त्याचे हात बघितले. फावड्याएवढे, शेवटच्या रांगेतूनही दिसतील असे. तेव्हापासून मामा नाटकात हातांनी बोलतो आणि त्याच्या हातांचा आवाज मी. म्हणजे माझा धडधाकट बोलता मामा बहिऱ्यांच्या भाषेत बोलायचा आणि ते पहिल्या रांगेतल्या त्याच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, मी ओरडून सांगायचे. यात काही वावगं आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं.

अडचण एवढीच की मामा नाटकाबाहेरची एकही खूण शिकला नाही. त्याने केलेली कामं म्हणजे राजे, एक जल्लाद, एक बिशप आणि एक भूत. त्यामुळे त्याला "सैन्य परत बोलवा" म्हणता यायचं, "याचं मुंडकं उडवा" म्हणता यायचं. "मीठ दे" म्हणता यायचं नाही.

लुएलाकडे तो पहिल्यांदा जळाऊ लाकडं टाकायला गेला तेव्हाची गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. लुएला चीजच्या कारखान्यात पॅकिंगला माझ्या शेजारी उभी असते. बहिरी, पन्नाशीची, एकटी. हसली की आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. खुणा मी तिच्याकडूनच शिकले, कारण त्या यंत्रांच्या घरघरीत सगळेच बहिरे. तर तिने मामाला कॉफी दिली. त्याला आणखी हवी होती. त्याने हाताशी असलेले सगळे शब्द चाचपून पाहिले, आणि त्यातल्या त्यात जवळचं म्हणून, अत्यंत नम्रपणे, म्हणाला, "विष पुन्हा भर."

लुएलाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तिचे खांदे हलले. मग तिने कप भरला.

तेव्हापासून तालमीच्या मधल्या सुट्टीत ती कोठाराच्या दुसऱ्या टोकाहून थर्मास उचलायची आणि विचारायची, "विष?" मामा मान हलवायचा. झालं. वर्षानुवर्षं एवढंच. याहून जास्त बोलायला दोघांपैकी एकाकडे शब्द नव्हते आणि दुसरीला घाई नव्हती.

आता घाई होती. कारखान्यातली आमची पॅकिंगची लाइन बंद होणार होती. मी तरुण आहे, कुठेही उभी राहीन. लुएलाला तिच्या बहिणीने सेंट पॉल शहरात काम बघून दिलं होतं. नाटक झालं की त्याच संध्याकाळी ती निघणार. तिथे बहिऱ्यांची मोठी वस्ती आहे, म्हणाली, रस्त्यात उभं राहून बोलता येतं. सेंट पॉल गाडीने तीन तासांवर. पण सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारांच्या मध्ये निवांत जाऊन येता येत नाही असं प्रत्येक गाव मामाच्या लेखी परदेश होतं.

दुसऱ्या सकाळी मामाने "खुर्ची" विचारली.

"दोन बोटांवर दोन बोटं बसवायची."

खालची दोन बोटं धरायला त्याला दुसरा हात नव्हता. त्याने वरची बोटं हेझलच्या मांडीच्या हाडावर बसवली. बरी बसली.

मग एका सकाळी "स्वयंपाकघर". तळहातावर दुसरा हात उलटासुलटा करायचा, तव्यावरचं धिरडं उलटावं तसा. तवा म्हणून त्याने हेझलचं पोट घेतलं. मग "रिकामी". एका हाताच्या पाठीवरून दुसऱ्या हाताचं मधलं बोट सरळ पुढे न्यायचं, जणू तिथे काहीच नाही. मामाने गाल कुशीला तसाच टेकलेला ठेवून गाईच्या अंगावरून बोट लांबवर नेलं. हेझलच्या कातडीवर एक थरथर उठली आणि शेपटीचा फटका माझ्या तोंडावर बसला.

"हे दोन हातांनी करायचं असतं, मामा. गाईशिवाय."

"धारा काढून झाल्यावर करीन."

पण धारांनंतर मुरघासाचा चारा भरायचा असायचा. मुरघासानंतर मका. यंदा पाऊस नव्हता, मका कमरेएवढा, कणसं मुठीएवढी, तरी कापायला लागणारा वेळ तेवढाच. त्याचे हात संध्याकाळपर्यंत भेगाळून सुजायचे, बोटं मिटायची नाहीत. शब्द पक्के झाले ते गोठ्यातच.

"काय सांगायचंय ते मला सांग," मी एकदा म्हटलं. "मी रोज तिच्या शेजारी उभी असते. पोचवते."

मामाने हेझलच्या सडांना यंत्राचे पेले लावले, ते नीट ओढू लागले का बघितलं, मग म्हणाला, "नाटकात तू बोल. हे मध्ये आवाज घालून करायचं काम नाही."

एका संध्याकाळी आईने त्याला स्वयंपाकघरात धरलं. तो फ्रिजला गाल लावून उभा होता आणि दारावरून बोट फिरवत होता.

"इंगा," आई मला म्हणाली, "तुझा मामा फ्रिजला गोंजारतोय."

"सराव करतोय, आई."

"कसला? अरे अर्विड, बायको हवी होती तर वेळेत सांगायचं. गाईने भागत नाही, फ्रिजने काय भागणार?"

"दूध आहे का बघत होतो, गुड्रुन," मामा म्हणाला.

"आपल्या घरात? दूध?"

मामाने फ्रिज उघडला, आत बघितलं, बंद केला. "आहे," म्हणाला आणि बाहेर गेला. टेबलाशी चार खुर्च्या होत्या. आम्ही तिघं. चौथी बाबांची; ते जाऊन बरीच वर्षं झाली तरी आई तिच्यावर मांजरालाही बसू देत नसे.

नाटकात यंदा दुष्काळ होता. दुसरं काही लिहिण्यासारखं शिल्लक नव्हतं, थर्लो म्हणाला. एका राज्यात पाऊस पडत नाही, आणि राजा राणीला डोंगरापलीकडे पाऊस आणायला पाठवतो. राजा मामा, राणी लुएला. शेवटी राजा दोन्ही हात वर उचलतो आणि दोन्ही तर्जन्या डोंगराकडे सोडून म्हणतो, "जा." राणी जाते, दिवे जातात, नाटक संपतं.

तालमीत मामाचा "जा" काही केल्या होईना. हात छातीपर्यंत यायचे आणि दमायचे.

थर्लोने पाय आपटला. फळ्यांमधून हादरा गेला तसे सगळे बहिरे वळले, त्यांच्याकडे बघून आम्ही वळलो. "तू राजा आहेस की खुंट्याला बांधलेला बैल?" थर्लो हातांनी म्हणाला. "तिला घालवतोयस. घालव!" आणि मग त्याने मामाला नावाने हाक मारली.

बहिऱ्यांनी प्रत्येकाला एक नाव दिलेलं असतं, हातांचं. मामाचं नाव म्हणजे कानाची पाळी चिमटीत धरून झटकायची. मामाला त्याचा अभिमान होता. त्याची समजूत होती की त्याचा अर्थ, नीट ऐकून घेणारा माणूस. तो हसून पुढे झाला. आणि थर्लोला त्या दिवशी कुणास ठाऊक काय झालं, त्याने त्या नावाची सगळी हकिगत करून दाखवली. छपरावर चढणारा मामा. कानाच्या पाळीला वाळलेलं शेण. भलामोठा गोळा. मामा वाकला की लोंबतो, वळला की झुलतो, आणि खाली बसलेल्या साऱ्या बहिऱ्यांचं लक्ष त्या गोळ्यावर, पडतो का, पडतो का. थर्लो फार चांगला नट आहे. बहिरे हसले, ऐकणारे हसले. मलाही हसू आलं, कारण शेण खरंच डोळ्यांना दिसत होतं.

मामाही हसला. मग त्याने हात कानाकडे नेला, आणि मध्येच खाली घेतला.

लुएला हसली नाही. सुट्टी नसताना तिने थर्मास उघडला आणि लांबून विचारलं, "विष?"

मामाने मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मामा कान धुवायला लागला. गोठ्यात जाण्याआधी आणि आल्यावर. साबणाने. आईने विचारलं नाही, आणि आईने न विचारणं म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं.

नाटकाच्या दिवशी कोठार भरलं. शेतकरी टोप्या मांडीवर ठेवून बसले, बहिऱ्यांनी नेहमीप्रमाणे पुढच्या रांगा अडवल्या. तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी आणि पाचव्या रांगेतली दुसरी मधल्या साऱ्या डोक्यांवरून बोलत होत्या आणि बाकीचे ते उघड वाचत होते. कुणाच्या तरी सुनेचा विषय होता. थर्लोने दिव्यांची दोनदा उघडझाप केली, म्हणजे, इकडे बघा. सगळे बघायला लागले.

खेळ नीट चालला. शेवटचा प्रवेश आला. लुएला लांब झग्यात मामासमोर उभी राहिली. मी कडेला, माझं तोंड त्याच्या हातांकडे. त्याचे हात हलले की मी बोलायचं, त्याआधी नाही.

हात हलले नाहीत.

शेतकऱ्यांना वाटलं राजा विचार करतोय. बहिऱ्यांना कळलं, काहीतरी चुकलंय. थर्लोने पडद्यामागून पाय आपटला. वरच्या माळ्यावरचा गवताचा भुसा राजाच्या मुकुटावर पडला. लुएलाने मामाकडे बघितलं आणि प्रेक्षकांना दिसणार नाही एवढीशी मान हलवली, चल, उरक, अशी.

मामाने एक बोट हलवलं. दोन्ही हात नाही, हात वर नाही. कमरेपाशी, एकच तर्जनी, अंगावरची माशी हाकलावी इतकी. त्या कोठारात ते फक्त दोघींनी पाहिलं, तिने आणि मी. आणि मी आवाज होते. माझं कामच ते होतं. मी पोटातून ओरडले, "जा!"

मागे कुणाचं तरी पोर रडायला लागलं. लुएला गेली. दिवे गेले.

बहिऱ्या माणसांचा निरोप म्हणजे निघणं नव्हे, ती निघण्याची सुरुवात असते. आधी कोठारात उभ्याउभ्या निरोप घेतात. मग दाराशी पुन्हा. मग अंगणात, जिथे ज्याला आधी भेटून झालंय तोच नव्याने भेटतो. जोवर समोरच्याकडे बघताय तोवर बोलणं चालू, आणि नजर काढून घ्यायला कुणी तयार नसतं. आमच्याकडची ऐकणारी, मूळची नॉर्वेतली माणसंही दारात तासभर "बरं मग" म्हणत उभी राहणारी. दोन्ही एकत्र आले की निरोपाला अंत राहत नाही.

लुएलाची गाडी अंगणात भरलेली उभी होती. मागच्या काचेतून शिवणयंत्र दिसत होतं. थर्लोने तिला मिठी मारली, तिच्या उच्चारांतल्या, म्हणजे बोटांतल्या, तीन चुका सांगितल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तिसऱ्या रांगेतली म्हातारी दोनदा येऊन गेली. ऊन उतरलं. हात दिसेनात तसे कुणीतरी लुएलाची गाडी चालू करून तिचे दिवे लावले आणि सगळे त्या उजेडात सरकून निरोप घ्यायला लागले.

मामा उजेडाच्या कडेला उभा होता. मुकुट काढलेला, कान धुतलेला.

तेवढ्यात आमच्या गोठ्याकडून पहिली गाय हंबरली. मग दुसरी. मग हेझल, तिचा आवाज मी कुठेही ओळखीन. धारांची वेळ टळत चालली होती. अंगणातली ऐकणारी सगळी माणसं एकदम त्या दिशेला वळली, मामा सोडून.

"अर्विड," आई म्हणाली. "गाई."

मामा हलला नाही.

"अर्विड! कास फुटेल त्यांची!"

लुएलाने तेवढ्या माना एकदम वळलेल्या बघितल्या. काहीतरी वाजतंय हे तिला कळलं. तिने मामाला विचारलं, "काय झालं? कसला आवाज?"

हा शब्द मामाकडे होता. भूत झाला होता तेव्हाचा. त्याने कानाला हात लावला आणि म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

आईचं तोंड उघडं राहिलं. मी तिचा दंड धरला.

मग मामा पुढे झाला. मान एका बाजूला कलती केली, गाल कशाला तरी टेकावा तशी. एक मूठ उचलून हलवली. लुएला अर्धं पाऊल मागे सरली, अगदी हेझलसारखी. मामाच्या लक्षात आलं, की काहीतरी कमी आहे. डावा हात हवेत चाचपडला. गाय नव्हती. तो गाडीकडे वळला, बॉनेटवर बोटं बसवून बघितली. पत्रा तापलेला होता, बोटं मागे घेतली. सगळे बघत होते. थर्लोसुद्धा.

माझ्या ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. मी तोंड मिटून धरलं.

लुएलाने स्वतःची मान मामाच्या बाजूला कलती केली, तो जसा उभा होता तशी. आता तिला तो सरळ दिसत असावा. मग तिने आपला डावा हात त्याच्यापुढे धरला, पालथा, नुसता.

मामाने त्या हातापुढे आपली मूठ धरली. तिने दुसऱ्या हाताची मूठ तिच्या शेजारी आणली. दोन मुठी कुडकुडल्या. हिवाळा. तिचा तळहात उलटा करून त्याने त्यावर आपला हात उलथापालथा केला. स्वयंपाकघर. तिच्या दोन बोटांवर आपली दोन बोटं बसवली. खुर्ची. मग तिच्या हाताच्या पाठीवरून मधलं बोट नेलं, मनगटापासून निघून बोटांच्या टोकांवरून थेट बाहेर, अंधाराकडे. ते बोट भेगाळलेलं होतं. त्यामुळे खरखरलं असेल. तिने हात काढला नाही.

रिकामी.

गाई ओरडत होत्या.

लुएला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, दोन हातांनी म्हणाली, "तिथे. माझ्याकडे. खुर्ची." आणि स्वतःच्या हातावरून बोट नेलं.

"गाई," मामा म्हणाला. ही खूण तो कधी शिकला मला माहीत नाही. डोक्याशी अंगठा लावून करंगळी बाहेर, शिंगासारखी. बरोबर होती.

तिने मान हलवली. तिला माहीत होतं. बर्फ पडला की दूध उचलणं बंद, हेही माहीत होतं, मीच सांगितलं होतं. तिने त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरली, खरोखरीची, स्वतःची नव्हे, आणि झटकली. मग गाडीत बसली.

थर्लोच्या कोठाराकडची वाट लांब आणि अरुंद आहे, दोन्ही बाजूंना मक्याचे खुंट. सगळी माणसं अंगणातच गाडी वळवून मग बाहेर पडतात. लुएलाने गाडी वळवली नाही. वळवली असती तर पाठ झाली असती, आणि पाठ झाली की बोलणं संपतं. तिने गाडी मागे मागे न्यायला सुरुवात केली, शिवणयंत्रासकट, दिवे मामावर ठेवून, त्याचे हात दिसत राहावेत म्हणून.

मामा उजेडात उभा होता आणि तिला बोलत राहायचं होतं हे त्याला कळलं होतं. पण नवे शब्द संपले होते. मग त्याने जुने काढले. दोन्ही फावड्याएवढ्या हातांनी, शेवटच्या रांगेतून दिसतील असे. सैन्य परत बोलवा. दरवाजे बंद करा. मी कबरीतून उठून आलोय. माझा मुकुट कुठे आहे. याचं मुंडकं उडवा. कुणी हसलं नाही. मीही आवाज दिला नाही.

गाडी लहान होत गेली. दिवे जवळ आले, मग एक झाले. मोठ्या रस्त्याशी ती थांबली. दिव्यांची दोनदा उघडझाप झाली.

मामा बघत राहिला.

मग त्याने हात सगळ्यात वर उचलले, एवढे वर की सदऱ्याचं बटण तुटलं, आणि म्हणाला, "विष पुन्हा भर."

उजेड रस्त्यावर वळला आणि गेला. मामा तसाच उभा, हात खाली यायला वेळ लागला. मग त्याने मान गोठ्याकडे वळवली, जणू आत्ताच काहीतरी कानावर पडलंय.

"गाई ओरडतायत," तो मला म्हणाला. "कधीपासून?"